जुन्या गाडीत पाणी नेमकं कुठून येतंय? (डाव्या बाजूचं कार्पेट सतत ओलं)

मांडवीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बाबांची २००२ सालची छोटी हॅचबॅक आहे. इंजिन अजून पहिल्या सेल्फला सुरू होतं, बाहेरून पत्रा चांगला आहे, त्यामुळे विकायचा विषयच नाही. पण यंदा पावसाने जोर धरल्यापासून डाव्या पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं राहतंय. मॅट उचलून हात दाबला की पाणी वर येतं. आता तर मागच्या डाव्या सीटच्या पायाशीही ओल आली आहे. सकाळी सगळ्या काचा आतून धुरकटलेल्या असतात आणि कुबट वास इतका की आई मागे बसायला तयार नाही.

दोन ठिकाणी दाखवून झालं. एकाने पुढच्या काचेच्या कडेने पारदर्शक सिलिकॉन फिरवून दिलं, काहीही फरक पडला नाही. दुसरा म्हणतो चारही दारांची बीडिंग (कडेचं रबर) बदला. गाडी रत्नागिरीत घराच्या अंगणात, आंब्याखाली उभी असते. अंगण उताराचं आहे आणि गाडीचं तोंड उताराच्या दिशेने असतं. सुरुवात कुठून करू?

गॅरेजकाका

मांडवीकर, बीडिंगचा खर्च आत्ता करू नका आणि कुणाकडून आणखी काही चिकटवूनही घेऊ नका. पाणी जिथे साचलेलं दिसतं तिथून ते आत शिरलेलं नसतं. आधी पाणी कोणतं ते ठरवा, कारण गाडीच्या आत तीन तऱ्हेचं पाणी येतं: पावसाचं, एसीचं आणि कूलंटचं (इंजिन थंड ठेवणारं पाणी).

एसीची कूलिंग कॉइल आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला डॅशबोर्डच्या आत असते. हवेतली वाफ तिच्यावर थंड होऊन थेंब धरते आणि ते पाणी एका रबरी नळीतून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाहेर पडतं. एसी लावून गाडी उभी असली की खाली जे थेंब पडतात ते हेच. नळी धुळीने तुंबली की तेच पाणी आत, बरोब्बर तुम्ही म्हणताय त्या जागी उतरतं. खूण सोपी आहे. पाऊस नसतानाही एसी चालवल्यावर ओल वाढते आणि गाडीखाली थेंब पडत नाहीत. नळी बाहेरच्या टोकाकडून पातळ, बोथट वायरने हलकेच मोकळी होते. जोरात खुपसायचं नाही, आत कॉइल आहे.

कूलंट हीटर कोअरमधून (डॅशबोर्डमागच्या हीटरच्या जाळीतून) गळतं. ते बोटाला बुळबुळीत लागतं, रंगीत असतं, वास गोडसर येतो आणि काचेवर आतून तेलकट थर बसतो. बॉनेटखालच्या बाटलीतली पातळीही उतरत जाते. तसं असेल तर गाडी चालवत राहू नका, इंजिन तापेल. कूलंट विषारी असतं, घरात कुत्रं-मांजर असेल तर सांडलेलं लगेच पुसा.

दोन्ही नसेल तर पाऊस. थोडे दिवस एसी पूर्ण बंद ठेवून बघा.

मांडवीकर

काका, पावसात एसी आम्ही लावतच नाही म्हटलं तरी चालेल. तरीही आज मुद्दाम लावून बघितला, गाडीखाली व्यवस्थित थेंब पडले. आतलं पाणी स्वच्छ आहे, वास नाही, बाटलीतली पातळी आहे तिथेच आहे. म्हणजे पावसाचंच. आणखी एक गोष्ट लक्षात आली: उतारावर ब्रेक मारला की डॅशबोर्डच्या पुढून, कुठून तरी, पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो.

गॅरेजकाका

हा आवाज महत्त्वाचा आहे. वायपरखालची जाळी उचलून बघा. बहुतेक तुमचं उत्तर तिथेच सापडेल. पण पाणी मारून खात्री केल्याशिवाय काहीही बुजवू नका.

दुरुस्तीवेडी

काकांना +१. मला हे काम करायला मनापासून आवडतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं, आत उघडं करा. डावी पुढची सीट काढा (चार बोल्ट असतात. सीटखाली एअरबॅग किंवा बेल्टच्या टेन्शनरची वायर असेल तर आधी बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबा). दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी आणि पायाच्या बाजूचं किक पॅनल काढा आणि कार्पेट मागे दुमडा. वरचं कार्पेट जेमतेम दमट लागतं आणि त्याखालचा जाड फोम मात्र लिटरच्या लिटर पाणी धरून बसलेला असतो. तो फोम पाणी शोषत शोषत मागे नेतो, शिवाय चढावर गाडी गेली की फ्लोअरवरचं पाणी मागे धावतं. त्यामुळे मागची ओल ही पुढच्याच गळतीची असू शकते. नसूही शकते, म्हणून आधी फ्लोअर फडक्याने पूर्ण कोरडा करा.

मग पाण्याची चाचणी. साधा बागेचा पाईप, तोटी न लावता, हलकी धार. वॉशिंगवाल्याची प्रेशर गन अजिबात नको. ती चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसवते आणि मग जी गळती नाहीच ती दिसते. धार खालून वर न्यायची: आधी चाकाची कमान आणि उंबरा, मग दाराचा खालचा भाग, मग दाराच्या काचेची रेषा, मग वायपरची जाळी, मग पुढच्या काचेचे खालचे कोपरे, बाजू आणि शेवटी छत. छतापासून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरून वाहत खाली येतं आणि काहीच कळत नाही. प्रत्येक जागी किमान पाच मिनिटं थांबा. पाण्याला आतल्या पोकळीतून वाट काढायला वेळ लागतो आणि बहुतेक जण घाई करून इथेच फसतात.

आत एक माणूस बॅटरी (टॉर्च) घेऊन बसलेला हवा. उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडर शिंपडून ठेवा, जोडांत टिश्यू पेपरचे तुकडे खोचा. पाणी आलं की पावडरीत त्याची वाट उमटते.

बीडिंग तपासायला पाणीसुद्धा लागत नाही. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी घट्ट लागली तर रबर ठीक आहे. एखाद्या ठिकाणी अलगद निसटली तर आधी दाराचं बिजागर उतरलंय का, कुलपाचा स्ट्रायकर सरकलाय का ते बघा. कित्येकदा रबर ठणठणीत असतं आणि दारच नीट बसत नसतं.

ओम्नीवाला

आमच्याकडे सावंतवाडीला पाऊस काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे. एक भर घालतो. पद्मिनी, अॅम्बेसेडर, ओम्नी अशा गाड्यांची पुढची काच रबराच्या चौकटीत बसवलेली असते, चिकटवलेली नसते. ते रबर उन्हाने कडक होऊन कोपऱ्यात भेगाळतं. रबर बदलायचं असेल तर जाणता काचवाला शोधा. तो रबर आधी काचेला चढवतो, रबराच्या आतल्या खाचेत सगळीकडून दोरी बसवतो, साबणाचं पाणी लावतो, बाहेरून एक जण काच दाबून धरतो आणि आतून दुसरा दोरी हळूहळू ओढत रबराची पाळी पत्र्यावर चढवत जातो. बघण्यासारखं काम असतं. आणि जुनं रबर काढलंच आहे तर खालची पत्र्याची कड बघितल्याशिवाय नवीन बसवू देऊ नका. तिथे गंजाचे पापुद्रे असले तर नवीन रबरही गळणारच.

नंतरच्या गाड्यांच्या काचा पॉलियुरेथेनने चिकटवलेल्या असतात. तुमची २००२ची आहे, काच कधी बदलली होती का? बदलताना प्रायमर न लावता घाईत चिकटवली असेल तर तिथूनही येतं.

मांडवीकर

काच मूळचीच आहे. रविवारी उघडीप मिळाली तर चाचणी करतो.

सिंहगडरोड

धाग्याच्या विषयात बसतं म्हणून विचारतो. माझ्या सेडानला सनरूफ आहे आणि मोठ्या पावसात उजव्या खांबाच्या आतून, सीटबेल्टच्या वरून पाणी ओघळतं. सनरूफचं रबर बदलावं का?

दुरुस्तीवेडी

आधी रबराकडे जाऊ नका. सनरूफचं रबर थोडं पाणी आत सोडणारच, तशीच रचना असते. ते पाणी भोवतीच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खांबांच्या आतून खाली, बाहेर जातं. सनरूफ उघडून एकेका कोपऱ्यात पेलाभर पाणी हळू ओता. ते पटकन गायब होऊन चाकाजवळ किंवा दाराच्या बिजागरीजवळ खाली पडलं पाहिजे. पन्हळीत तुंबलं तर नळी बंद आहे. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी आत घालून मोकळी करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी वरच्या तोंडापासून निसटली की मग छताचं अस्तर उतरवावं लागतं. काही गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला रबरी चोच असते, चिखल तिथेच अडकतो.

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, पण पानगळ आणि रिपरिप दोन्ही एकाच वेळी, त्यामुळे इथे जुन्या गाड्यांत वायपरखालच्या पन्हळीचा विषय कायमचा. फोक्सवॅगन पसाटच्या बी-५ पिढीत बॅटरीच त्या पन्हळीत बसवलेली आहे आणि पाण्याचा निचरा तिच्याखाली. पानं अडकली की बॅटरी काढल्याशिवाय दिसतसुद्धा नाहीत. पन्हळ भरून पाणी आत उतरतं, आणि तिथे सेंट्रल लॉक व काचा चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा पुढच्या कार्पेटखाली, फ्लोअरवर आहे. काचा आपोआप खाली होणं, अलार्म वाजणं, बॅटरी उतरणं, लोक वायरिंग शोधत बसतात आणि मूळ असतं ओलं कार्पेट. पहिल्या पिढीतली स्कोडा सुपर्ब याच रचनेवर आहे आणि ती भारतात विकली गेली, म्हणून मुद्दाम लिहिलं. कुणाकडे असेल तर पावसाआधी बॅटरी उचलून खाली बघा.

मांडवीकर

मंडळी, रविवारी सकाळी उघडीप मिळाली आणि सापडलं. एक नाही, दोन.

सीट काढली, कार्पेट दुमडलं. फोमचा तो भाग पिळला तर बादलीचा तळ झाकला. फ्लोअर कोरडा करून किक पॅनलच्या मागच्या पत्र्यावर पावडर मारली. बायको आत बॅटरी घेऊन बसली, मी बाहेर पाईप. उंबरा, काही नाही. पुढचं दार, काही नाही. मग वायपरच्या जाळीच्या डाव्या टोकाला धार सोडली. बराच वेळ शांतता, आणि मग तिने काचेवर टकटक केलं. आत बघितलं तर पावडरीत एक बारीक रेघ, वरच्या बिजागरीच्या उंचीवर पत्र्याचे दोन तुकडे जोडले आहेत तिथून निघून सरळ फ्लोअरपर्यंत.

वायपर आणि जाळी काढली. आत आंब्याचा मोहोर, पानं, माती यांचा काळा चिखल इतका की निचऱ्याचं भोक दिसत नव्हतं. हाताने काढला, पाणी घातलं, चाकामागून भसकन खाली आलं. ब्रेक मारल्यावरचा आवाज तोच होता, पन्हळीत पाणी भरून राहायचं. पण चिखल काढल्यावरही जास्त पाणी ओतलं की त्या जोडातून थेंब येतातच. जोडावरचं जुनं सीलर वाळून तडकलंय, नखाने निघतं.

दुसरी जागा मागच्या डाव्या दाराची. खाली हात लावला तर डोअर पॅडच्या (दाराच्या आतल्या आवरणाच्या) तळातून पाणी आत येतंय. पॅड काढलं. पूर्वी कधीतरी बाहेरच्या दुकानात स्पीकर बसवून घेतले होते, तेव्हा आतला प्लास्टिकचा कागद स्पीकरभोवती कापून तसाच लोंबत ठेवलेला आहे.

गॅरेजकाका

शाब्बास. आणि बाहेरून काचेला फासलेलं ते सिलिकॉन आता काढून टाका. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन पत्र्याला लावायचंच नाही. त्यातून सुटणारं आम्ल गंज धरवतं आणि एकदा ते लागलं की त्यावर ना रंग धरत, ना दुसरं सीलर. ब्लेडने खरवडून काढा, मगच पुढचं काम.

जोडाचं काम बाहेरून, म्हणजे पाण्याच्या बाजूने करायचं. आतून बुजवलं तर आत थेंब दिसणार नाही, पण पाणी जोडाच्या दोन पत्र्यांमध्ये अडकून राहील आणि तो पत्रा आतून सडेल. वरून गाडी छान आणि किक पॅनलमागे बोट आरपार, अशा कितीतरी गाड्या मी बघितल्या आहेत. हे सगळ्यांनीच लक्षात ठेवावं असं मला कळकळीने वाटतं. तुमच्याकडे डावं फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) सोडवावं लागेल, बोल्टचंच असतं. जुनं सीलर खरवडा, तारेच्या ब्रशने गंज काढा, रस्ट कन्व्हर्टर, मग प्रायमर, मग पॉलियुरेथेन सीम सीलर बोटाने जोडात दाबून, वर रंग.

पण जुलैत रत्नागिरीत हे सगळं होणार नाही. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानेच पिकतं, त्यामुळे दमट हवेचा त्याला त्रास नाही. त्रास आहे तो ओल्या पत्र्याचा. जोडाच्या आत पाणी असताना वरून काहीही लावलं तरी पोपडा होऊन निघेल. म्हणून आत्ता पन्हळ साफ ठेवा, उघडीप बघून हीट गनने तो जोड वाळवा आणि बाहेरून ब्युटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी) दाबून लावा. पक्कं काम ऑक्टोबरच्या उन्हात. आणि तोवर गाडी आंब्याखालून हलवता आली तर हलवाच.

दुरुस्तीवेडी

दाराचं काम मात्र आत्ताच करून टाका, पॅड उघडंच आहे. दारात पाणी येणं चूक नाही. काचेच्या फटीतून ते येतंच आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. तो प्लास्टिकचा कागद असतो म्हणून ते आत येत नाही. जाड पॉलिथिन घ्या, जुना कागद वर ठेवून त्याच मापाने कापा, ब्युटाइलच्या दोरीने कडेने चिकटवा. खालची कड दाराच्या पोकळीच्या आत वळली पाहिजे, म्हणजे कागदावरून ओघळणारं पाणी दारातच पडेल. ती कड बाहेर राहिली तर नवीन कागदही तुम्हाला पाणी आतच आणून देईल. स्पीकरच्या मागे छत्रीसारखं एक झाकण कागदाचंच करा, आणि दाराच्या तळाची भोकं आइस्क्रीमच्या काडीने मोकळी करा.

ओम्नीवाला

अवांतर, पण पुढे कुणी शोधत आलं तर: डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचत असेल तर टेललॅम्पच्या मागची गॅस्केट, नंबरप्लेटच्या दिव्याचं ग्रोमेट आणि मागच्या बंपरच्या आड असणाऱ्या हवा बाहेर जायच्या झडपा, या क्रमाने बघा. छतावरची लांब पट्टी उचलून तिच्याखालचं सीलर तडकलंय का तेही. आतून बघायला माणूस बसवायचा तर मागची सीट पाडून, डिकीत कुणाला कोंडून नव्हे.

नवी_मुंबईकर

जुनी गाडी घ्यायला निघालो आहे. ओलं कार्पेट दिसलं तर ती अशी गळती की पुरात बुडालेली गाडी, हे कसं ओळखायचं? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा आमच्या गल्लीतल्या गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. २०१९ला सांगली-कोल्हापूर, २०२१ला चिपळूण, त्या गाड्या कुठेतरी फिरत असणारच.

गॅरेजकाका

मी कोल्हापूरचाच. २०१९ नंतर अशा गाड्या हाताखालून गेल्या आहेत. पावसाची गळती स्वच्छ पाण्याची असते, एका बाजूची असते. पुराचं पाणी गाळ घेऊन येतं आणि सगळीकडे सारख्या उंचीपर्यंत चढतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या भागावर मातकट रेघ दिसेल. सीटच्या रुळांत, फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यांत, हेडलाइटच्या आत बारीक गाळ बघा. डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेले असतील तर गाडी सोडा. कार्पेट एकदम कोरं करकरीत आणि बाकी गाडी जुनी, तरीही खोलात जाऊन बघा.

मांडवीकर

पन्हळ साफ, टेप लावली, दाराचा कागद नवा केला. त्यानंतर रात्रभर धो धो पडला, सकाळी फ्लोअरवर टिश्यू कोरडे. काका, दुरुस्तीवेडी, किती आभार मानू! आता प्रश्न वासाचा आणि फोमचा. ऊन नाही, फोम काही वाळत नाही. फेकून द्यावा का?

दुरुस्तीवेडी

कार्पेट आणि फोम वेगळे होत असतील तर वेगळे करा. फोम धुवून, दोन फळ्यांमध्ये दाबून पाणी काढा आणि घरात पंख्याखाली उभा ठेवा. आडवा ठेवला तर खालची बाजू वाळत नाही. काळे ठिपके धरले असतील, किंवा वाळूनही वास राहिला, तर तेवढा तुकडा कापून नवीन फेल्ट घाला. तोवर गाडी कार्पेटशिवाय चालवा, आवाज येईल तेवढाच. फ्लोअरवर रबरी बूच असतात, ते काढून पाणी जाऊ द्या आणि परत नीट बसवा, नाहीतर चाकाने उडालेलं पाणी खालून येईल. सिलिका जेलच्या पिशव्या ओल्या फोमपुढे टिकणार नाहीत, त्या सगळं वाळल्यावर ठेवा. प्रवासात एसी लावत जा, तो हवा कोरडी करतो.

गॅरेजकाका

आणि कार्पेट उघडं आहे तोवर फ्लोअरवरचे वायरचे जोड एकेक सोडवून बघा. हिरवट झाले असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. जिथे रंग फुगलाय तिथे स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा. पत्रा टणक लागला तर घासून प्रायमर मारून ठेवा, आत गेला तर फोटो टाका, वेल्डिंग किती लागेल ते बघून सांगतो.